यंत्र तापायचं तेव्हा

तिकिटावर लिहिलंय, दरवाजे सात वाजता.
आम्ही साडेपाचलाच रांगेत,
हलच्या गोदीवरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात,
गुडघ्यांबद्दल बोलत, आणि कुणाचे किती केस उरलेत त्याबद्दल.
इव्हॉननं श्रवणयंत्राची जादा बॅटरी आणलीय.
मी काळं आयलायनर लावलंय, चष्म्याआडून,
एका डोळ्याची रेघ कपाळाकडे निघालीय.
जाऊ दे.

एक्क्याऐंशी साली
मी दिवसभर कॉड माशाचे काटे काढायचे,
संध्याकाळी लिंबाच्या फोडीनं हात तीनदा घासायचे
आणि साखरेच्या पाण्यानं केस उभे करायचे.
उन्हाळ्यात गांधीलमाश्या मागे लागायच्या.
वडलांची बोट तेव्हा धक्क्याला गंजत पडलेली.
ते खिडकीशी बसून रेडिओवर समुद्राचं हवामान ऐकायचे,
जिथं आता जायचंच नव्हतं तिथलं.
मला म्हणाले, गिटार नाही, ढोल नाही,
ही पोरं इस्त्रीच्या टेबलावर काय मांडून बसतात?

इस्त्रीचंच टेबल होतं ते. रॉयच्या आईचं.

'स्पेअर फ्यूज'. नाव तुम्ही ऐकलं नसणार.
रेकॉर्ड निघायची होती; कंपनीचा चेक वटला नाही.
पबच्या माडीवर शंभर माणसं, छत घामानं ठिबकायचं,
आणि रॉयचं ते यंत्र
तापलं की चढायचं.
पहिल्या गाण्याला सुरात,
तिसऱ्याला किंचित वर,
शेवटच्या गाण्यापर्यंत पाव सूर तरी सरकलेलं.
रॉय बटणं पिळायचा, ओठांनीच माफी मागायचा,
ॲड्रियन डोळे मिटून त्याच्यामागे चढायचा,
ॲड्रियनमागे आम्ही.
कुणीतरी कोटाच्या खिशात टेपरेकॉर्डर लपवून नेला होता.
त्या कॅसेटची कॅसेट, तिची कॅसेट,
लीड्सला, ग्रिम्झबीला, कुणाच्या मेहुण्याबरोबर थेट नॉर्वेला.
गाणं असंच असतं, असं सगळ्यांनाच वाटत राहिलं.

आज निळा धूर.
सत्तरीकडे झुकलेली तीन माणसं, काळ्या शर्टात,
एकजण हात वर करताना दुसऱ्या हातानं खांदा धरतो.
चौथ्या जागी इस्त्रीचं टेबल, त्यावर लॅपटॉप.
रॉयला जाऊन सहा वर्षं झाली.
आम्ही टेबलासाठी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ.
टेबलाला काय करावं ते कळेना.

लॅपटॉप तापत नाही.
प्रत्येक सूर आपापल्या जागी,
पाहुण्यांसाठी आवरून ठेवलेल्या खोलीसारखा.
पाचव्या गाण्याला इव्हॉन कानाशी येऊन ओरडली,
छान वाजतंय!
मी मान डोलावली. वाजत छानच होतं.

मग ते गाणं.
दुसऱ्या कडव्याला ॲड्रियननं माईक आमच्याकडे वळवला.
त्याचा दम पुरत नव्हता. सगळ्यांना कळलं, कुणी दाखवलं नाही.
चारशे जणांनी तोंड उघडलं
आणि चारशेच्या चारशे चुकले,
एकाच वेळी, एकाच मापानं,
पाव सूर वर.

खाली लॅपटॉप, अगदी बरोबर.
वर आम्ही, रॉयनं नेऊन सोडलं होतं तिथं.
मधल्या चिंचोळ्या फटीत हवा घरघरायला लागली,
दाढांत, चष्म्याच्या काचांत, हातातल्या बियरच्या ग्लासात.
समोरच्या टकलू माणसानं मागे वळून पाहिलं,
चूक कोण करतंय ते शोधत,
आणि तोही चुकतच होता.

ॲड्रियन दोन ओळी ऐकत उभा राहिला.
मग टेबलापाशी गेला,
झोपलेल्या माणसाचा चष्मा काढून ठेवावा
तसं लॅपटॉपचं झाकण मिटलं.

बाहेर आम्ही चिप्स घेतल्या, व्हिनेगर जरा जास्तच.
इव्हॉन म्हणाली, माझी बॅटरी दुसऱ्याच गाण्याला गेली.
मग बदलली का नाहीस? पर्समध्ये होती ना?
आणि तू तर गात होतीस.
ती बोट चाटत म्हणाली,
त्यात ऐकायचं काय आहे?